सैनिकाचं जुनं पत्र वाचायचं कसं?

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक लहानसा दगड बसवलेला दिसतो. त्यावरचा मजकूर बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, पैकी इतके कामास आले, म्हणजे मारले गेले. नावं नसतात, नुसते दोन आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावचा दुसरा आकडा ४६ आहे.

दर नोव्हेंबरात अशा दगडांचे फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतात आणि त्याखाली ठरलेले प्रश्न येतात. पणजोबांचं नाव कुठे सापडेल? त्यांनी घरी पाठवलेलं एखादं पत्र कुठे जपलेलं असेल का? सगळी पत्रं लंडनमध्ये ठेवलीत म्हणतात, ते खरं का?

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घेतलं नाही, तर हाती आलेल्या पत्राचाही भलताच अर्थ लावला जातो.

लंडनमध्ये नेमकं काय आहे?

१९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी फौज फ्रान्समध्ये मार्सेलिस बंदरात उतरली आणि त्याच सुमारास त्यांचं टपाल तपासायची वेगळी व्यवस्था उभी राहिली. टपाल उघडून वाचणाऱ्या आणि आक्षेपार्ह मजकूर अडवणाऱ्या अधिकाऱ्याला सेन्सॉर म्हणतात. या कचेरीचा पहिला प्रमुख होता एव्हलिन हॉवेल, मुळात आयसीएस म्हणजे हिंदुस्थानच्या मुलकी सेवेतला माणूस. सरकारला पहिली धास्ती शिपाई काय लिहितात याची नव्हती. बाहेरून त्यांच्यापर्यंत काय पोचतं, विशेषतः परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाचं साहित्य, याची होती. त्यामुळे येणारं टपालही तपासलं जाई आणि जाणारंही.

१९१५ मध्ये फ्रान्समधले हिंदी शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रं लिहीत होते. सेन्सॉरकडची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. सगळी पत्रं वाचणं शक्यच नव्हतं; नमुन्यादाखल काही उघडायची, त्यांतली लक्षवेधी वाटतील ती निवडायची, त्यांचे उतारे इंग्रजीत आणायचे आणि फौजेचं मन कसं आहे यावरच्या अहवालाला जोडून वर पाठवायचे, अशी पद्धत पडली. एका अहवालाला साधारण शंभरेक उतारे. हे अहवाल इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याच्या, दप्तरात गेले आणि ते दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे.

म्हणजे लंडनच्या कपाटात शिपायाच्या हातचा कागद जवळजवळ नाहीच. आहेत ते टाइप केलेले इंग्रजी उतारे. मूळ पत्र एकतर पुन्हा बंद करून गावी रवाना झालं, नाहीतर अडवून ठेवलं गेलं. गावी पोचलेल्यांचं पुढे काय झालं असेल ते कोकणातला पाऊस आणि घाटावरची वाळवी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको.

एका पत्राला किती हात लागत?

शिपाई बहुधा निरक्षर. पत्र सांगणारा तो, लिहिणारा दुसरा: पलटणीतला शिकलेला सोबती किंवा इस्पितळातला कारकून. लिहिणाऱ्याची स्वतःची एक घडण असते. मायना, सर्वांना दंडवत, इकडील खुशाली, तिकडील कळवणे हा साचा त्याचा. मधली चार वाक्यं शिपायाची असली तर असली.

मग पलटणीतला अधिकारी पत्र नजरेखालून घालतो. पुढे तळावरचा सेन्सॉर. उतारा निवडला गेला तर भाषांतर करणारा, आणि त्याच्यामागून टाइप करणारा. भाषांतर करणाऱ्याची इंग्रजी एकाच सरकारी वळणाची असल्यामुळे साताऱ्याचा मराठा, गढवालचा रायफलमन आणि पेशावरचा पठाण छापील पानावर एकाच आवाजात बोलताना दिसतात. या एकसुरीपणावरून ‘त्या काळचे शिपाई किती औपचारिक होते’ असा निष्कर्ष काढणारे लेख सर्रास आढळतात. ती औपचारिकता शिपायाची कमी आणि कचेरीची जास्त.

गावच्या टोकालाही हात आहेतच. घरी पत्र आलं की ते वाचणार मास्तर, पोस्टमन नाहीतर शेजारचा शिकलेला पोरगा, आणि ऐकायला ओट्यावर अर्धी आळी. बायकोला काही खासगी सांगायचं म्हटलं तरी ते सासऱ्यासमोर, दिरासमोर मोठ्यानं वाचलं जाणार. आज फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकताना आत्या, मामा, सासरे सगळे वाचणार हे डोक्यात ठेवून आपण जसं लिहितो, तसंच. फरक एवढाच की त्या ग्रुपमध्ये एक सरकारी अधिकारीही होता.

शिपायांना हे कळत होतं का?

चांगलंच कळत होतं. १९१५ च्या सुरुवातीपर्यंत पत्रं उघडली जातात ही बातमी पलटणींत पसरली होती आणि तोडगेही निघाले होते. सगळ्यात गाजलेली खूण मिरीची: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, आता लाल वापरतात असं लिहिलं की घरच्यांना कळायचं, आपली माणसं फार कामास आली. काही जण जखमी होऊन मायदेशी निघालेल्या सोबत्याच्या हाती पत्र देत. काही जण फौजेच्या टपालाऐवजी फ्रेंच टपालात टाकत.

हॉवेलच्या माणसांना या खुणा ओळखू येत आणि त्यांतली बरीच पत्रं ते जाऊही देत. सगळं अडवलं तर लोक दुसऱ्या वाटा काढतील आणि फौजेच्या मनात काय चाललंय ते कळायचं दारच बंद होईल, हा व्यवहारी हिशेब. ही कचेरी मजकूर खोडण्यापेक्षा कानोसा घेण्याचं काम जास्त करत होती, आणि तिचे कागद आज वाचनीय आहेत ते त्याचमुळे.

सगळंच गाळलेलं, तर उपयोग काय?

पत्राला कोणता प्रश्न विचारायचा, यावर ते अवलंबून आहे. ‘शिपाई राजनिष्ठ होता का?’ हा प्रश्न या कागदांना विचारण्यात अर्थ नाही. सरकार आपलं पत्र वाचतंय हे ठाऊक असलेला माणूस सरकारच्या मिठाला जागण्याची भाषा करणार, हे उघड आहे.

पण त्याच पत्रात बोलता बोलता येणाऱ्या गोष्टी बघाव्यात. मनीऑर्डर पोचली का? बैल विकला की ठेवला? भावकीतल्या जमिनीचा दावा कुठवर आला? धाकट्याचं लग्न ठरवताना मला का विचारलं नाही? पायदळातल्या साध्या शिपायाला त्या वेळी महिना ११ रुपये मूळ पगार होता. घरी किती पाठवले आणि ते कुणाच्या हाती पडले, यावरून पत्रांत होणारे वाद फार खरे आहेत. त्यात कुणालाही खोटं बोलायचं कारण नव्हतं आणि सेन्सॉरला रसही नव्हता. फ्रान्सच्या खेड्यांत बायका एकट्यानं शेतं सांभाळतात, मुली शाळेत जातात हे पाहून चकित झालेले शिपाई घरी लिहितात की आपल्याही मुलींना शिकवा. हे वाक्य सरकारला खूश करायला कुणी लिहिणार नाही.

हाच नियम दुसऱ्या महायुद्धातल्या टपाल-अहवालांनाही लागू पडतो. त्यांत लढाईइतकीच चिंता घरच्या धान्याच्या भावाची आहे. १९४३ च्या आसपास तर शिपायाचं अर्धं मन रेशनवरच अडकलेलं दिसतं.

म्हणून वाचताना हाताशी पेन्सिल ठेवावी. वाचणाऱ्याला पटावं म्हणून लिहिलेल्या ओळींखाली एक खूण, सहज लिहून गेलेल्या ओळींखाली दुसरी. दुसऱ्या खुणेच्या ओळींवर जास्त भिस्त ठेवावी.

या कपाटात कोण नाहीच?

हा संग्रह मुख्यतः फ्रान्सचा आहे. खडकीच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या तिथे होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेल गावात ४७ व्या शिखांबरोबर शिरताना त्यांचं जबर नुकसान झालं. पण मराठा पलटणींची मोठी लढाई झाली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात सापडल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ हा वेढा चालला आणि शेवटी सगळे तुर्कांचे कैदी झाले. त्या काळात घरी पत्रं येणं खुंटलं. तेव्हा लंडनच्या उताऱ्यांत मराठी माणसं थोडी दिसतात याचं कारण मराठी शिपाई कमी लिहायचा हे नव्हे. तो जिथे होता तिथले कागदच या कपाटात नाहीत.

महार शिपाई तर दिसणारच नाहीत, कारण १८९० च्या दशकात त्यांची भरतीच बंद केली गेली होती. त्यांचा आवाज शोधायचा तर पत्रांऐवजी अर्जांकडे वळावं लागतं. दापोलीला स्थायिक झालेले निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळ बाबा वलंगकर यांनी अनार्य दोष-परिहारक मंडळी या संस्थेच्या वतीनं १८९४ साली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज तयार केला. १९१० मध्ये महार समाजातले पुढारी शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी पुन्हा मांडली. वलंगकरांच्या अर्जात आपण मूळचे क्षत्रिय असल्याचा दावा आहे. आजच्या वाचकाला तो खटकतो. पण अर्ज ज्यांच्यापुढे जाणार होता ते अधिकारी लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशा फूटपट्टीनं माणसं मोजत होते. अर्जदार त्या अधिकाऱ्याच्या भाषेत बोलतो आहे. मायन्यात दंडवत घालणारा शिपाई करतो तेच. पुढे युद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली गेली आणि १९२१ मध्ये मोडलीही. आजच्या महार रेजिमेंटची सुरुवात १९४१ ची.

बायकांची पत्रं थोडी आहेत, तीही दुसऱ्याच्या हातची.

आवाज जपलेले आहेत का?

थोडे आहेत, आणि ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. बर्लिनजवळ व्युन्सडॉर्फला जर्मनांनी ‘हाफ मून कॅम्प’ नावाची कैद्यांची छावणी उभारली होती. तिथले हिंदी कैदी भाषांच्या अभ्यासासाठी जर्मन विद्वानांना आयतेच सापडले. १९१५ ते १९१८ मध्ये विल्हेल्म डोगन यांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या छावण्यांत जाऊन त्यांनी कैद्यांचे आवाज लाखेच्या तबकड्यांवर मुद्रित केले. तो संग्रह आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाकडे आहे.

११ डिसेंबर १९१६ ला माल सिंग नावाचा शीख कैदी त्या कर्ण्यापुढे उभा राहिला. बोलला जेमतेम मिनिटभर, आणि स्वतःबद्दल बोलताना ‘एक माणूस होता’ अशी सुरुवात केली: हिंदुस्थानात लोणी खाणारा एक माणूस, तो या लढाईत आला, जर्मनांनी धरला, आता त्याला घरी जायचंय, आणखी दोन वर्षं राहावं लागलं तर तो मरून जाईल. गोष्ट सांगितल्यासारखं सांगून टाकलं. मुद्रण करणाऱ्यांना उच्चार हवे होते, मजकूर काय आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. बोलणारी माणसं आधी काय बोलायचं ते ठरवून, घोकून उभी राहत. तरीही शंभर वर्षांनी उच्चारांपेक्षा मजकूरच जास्त ऐकला जातो.

म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीवर विश्वास कसा ठेवायचा?

माणसाला बोलतं करून त्याच्या आठवणी पद्धतशीर मुद्रित करणं, याला मौखिक इतिहास म्हणतात. गप्पांहून हे वेगळं आहे: प्रश्न ठरलेले असतात, परवानगी घेतलेली असते, मुद्रण जसंच्या तसं जपलं जातं आणि इतरांना तपासता येतं.

आक्षेप नेहमीचा आहे: पन्नास वर्षांनी सांगितलेली गोष्ट चुकीची असते. असतेच. तारखा सरकतात, दोन हल्ल्यांचा एक हल्ला होतो, वरिष्ठाच्या तोंडचं वाक्य स्वतःच्या तोंडी येतं. म्हणून तारीख, तुकडी, हुद्दा, ठिकाण या चार गोष्टी आठवणीवर कधीही सोडू नयेत. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा पीपीओ म्हणजे मंजुरीचा आदेश, पदकाच्या कडेवर कोरलेला नंबर यांच्याशी ताडून पाहाव्यात.

पण चुकलेली आठवणही पुरावा असते. इटलीत तेर्नी नावाच्या पोलाद कारखान्याच्या गावात १९४९ मध्ये नाटो करारविरोधी निदर्शनात पोलिसांच्या गोळीनं एक तरुण कामगार मेला. वीस-तीस वर्षांनी कामगारांना विचारलं तेव्हा अनेकांनी तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. कागद स्पष्ट होते, माणसं खोटं बोलत नव्हती. त्या मृत्यूचा आपल्या भाकरीशी संबंध असायला हवा होता असं त्यांना वाटत होतं आणि आठवणीनं तो लावून घेतला. आपल्याकडचा माजी सैनिक १९६५ ची गोष्ट १९७१ ला चिकटवतो तेव्हा ‘काका, चुकलं’ म्हणून तोडू नये. पूर्ण ऐकून घ्यावं आणि ताडून पाहिलेलं साल टिपणात वेगळं लिहावं. मूळ बोलण्यात दुरुस्ती करू नये.

ध्वनिमुद्रण करायचं तर

आपल्या घरी बसून हे काम कुणालाही करता येतं, आणि बिघडतं ते बहुतेक वेळा तांत्रिक कारणानं.

पहिला शत्रू पंखा. डोक्यावरचा पंखा चालू ठेवून केलेलं मुद्रण नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट होत नाही. पंखा, फ्रिज, कुकर, टीव्ही बंद करावेत. फोनवर मुद्रण करत असाल तर तो एअरप्लेन मोडवर टाकावा. रिकाम्या, गुळगुळीत भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेली खोली निवडावी. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. गळ्यातली माळ किंवा साडीचा पदर त्याला घासत नाही ना ते बघावं. बोलणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसून नुसत्या खोलीचा आवाज मुद्रित करावा; नंतर खरखर काढताना तोच नमुना लागतो.

फाइल डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेल्या स्वरूपात ठेवावी, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका माइकच्या तासाभराच्या मुद्रणाला साधारण ५२० एमबी लागतात. फोनचं रेकॉर्डर अॅप आपणहून दाबलेली छोटी फाइल बनवतं, तेव्हा आधी सेटिंग बघा. व्हॉट्सअॅपनं पाठवलेली प्रत मूळ म्हणून कधीच ठेवू नये.

सुरुवातीला मोठ्यानं सांगावं: आज तारीख अमुक, ठिकाण अमुक, बोलणारे अमुक, विचारणारे अमुक, मुद्रणाला त्यांची परवानगी आहे. हे सगळं चिठ्ठीवर लिहिलं तर चिठ्ठी हरवते. आवाजात असलं तर फाइलबरोबर राहतं.

आता प्रश्न. ‘तुम्हाला भीती वाटली का?’ असं विचारलं की ‘छे, सैनिकाला कसली भीती’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी ‘पहिल्या दिवशी ट्रंकेत काय काय होतं?’ असं विचारावं. ‘बेळगावला सेंटरमध्ये सकाळी किती वाजता उठवायचे? चहा कशात मिळायचा? सुट्टीवर यायला गाड्या किती बदलायला लागायच्या? घरी तार आली तेव्हा कुणी वाचली?’ वस्तू आणि दिनक्रमापासून सुरुवात केली की माणूस आपोआप खोलात जातो. समोर जुना फोटो किंवा पदक ठेवलं तर आणखी चांगलं. गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये, मनात दहापर्यंत मोजावं. सर्वांत महत्त्वाचं बोलणं बहुधा त्या गप्प बसण्यानंतर येतं, आणि नवखा मुलाखतकार नेमका तिथेच घाई करतो.

काकूंची मुलाखत वेगळी घ्यावी, काकांसमोर नको. नवरा जम्मूला आणि घर सासू-सासरे, दोन पोरं, चार एकर जिरायती: या बाजूचा इतिहास तिच्याकडेच आहे आणि तिला तो कुणी विचारलेला नसतो. एकत्र बसवलं तर काका उत्तरं देतात.

एका बैठकीला दीड तासाहून जास्त ताण देऊ नये. आणि हे आधीच धरून चला की एका तासाचं बोलणं शब्दशः उतरवायला सहा-आठ तास जातात. बोली जशी आहे तशी उतरवावी. ‘गेल्तो’, ‘म्हन्ला’ याचं ‘गेलो होतो’, ‘म्हणाला’ करून टाकलं की सेन्सॉरच्या भाषांतरकारानं केलं तेच आपण केलं.

ट्रंकेतल्या पत्रांचं काय करायचं?

आधी काय करू नये ते. लॅमिनेशन नको, उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक कागदापासून पुन्हा सुटत नाही. सेलोटेप नको; दहा-पंधरा वर्षांत डिंक पिवळा पडून शाईत उतरतो. टाचण्या, स्टेपल असतील तर गंजण्याआधी अलगद काढाव्यात. डांबरगोळ्या कागदाला टेकतील अशा ठेवू नयेत.

पत्रं उलगडून, सपाट, आम्लरहित कागदाच्या घडीत ठेवावीत आणि पेटी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राहिली तर बरं. कोकणात पावसाळ्यात ते जमत नाही, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या अधूनमधून बदलाव्यात.

स्कॅन किमान ३०० डीपीआयवर, फिकट पेन्सिलीचं अक्षर असेल तर ६०० वर. पाकीट फेकू नका. कित्येकदा आतल्या मजकुरापेक्षा बाहेरचा शिक्का जास्त सांगतो: फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर, तारीख, सेन्सॉरचा ठप्पा. अलीकडच्या पत्रांवर ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) दिसेल. त्यावरून माणूस कुठे होता ते कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच ती सोय आहे. ५६ चं टपाल दिल्लीतून पुढे जातं, ९९ चं कोलकात्यातून, एवढंच. नेमकं ठिकाण युनिटच्या नावावरून आणि तारखेवरून शोधावं लागतं.

पत्र मोडीत असेल तर घाबरू नये, पण अंदाजानंही वाचू नये. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लगटून लिहितात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे माणसाचं आडनाव आणि गावाचं नाव यांतच सर्वांत जास्त चुका होतात. लिप्यंतर दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून करून घ्यावं आणि जिथे दोघांचं जुळत नाही तिथे दोन्ही वाचनं लिहून ठेवावीत.

आणि पणजोबांचं नाव?

युद्धात मारले गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या युद्धातल्या मृतांच्या कबरी-स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव मिळण्याची शक्यता चांगली आहे. वारलेल्यांचीच ती यादी आहे. जिवंत परतलेल्यांची नाही. लोक फसतात ते स्पेलिंगमध्ये. इंग्रज कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलं: जाधवचं जाधाव, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदे. आडनावानं नाही मिळालं तर जादा माहितीच्या रकान्यात गाव, तालुका किंवा जिल्हा टाकून शोधावं. तिथे बहुधा वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. आजच्या जिल्ह्याचं नाव टाकू नका, तेव्हाचं टाका. सांगली जिल्ह्यातली कितीतरी गावं तेव्हा साताऱ्यात होती, सिंधुदुर्ग रत्नागिरीत. कबर माहीत नसलेल्यांपैकी मेसोपोटेमियात मेलेल्यांची नावं बहुतेक बसरा स्मारकाखाली, फ्रान्समध्ये मेलेल्यांची न्यूव्ह शापेलच्या स्मारकाखाली.

परत आलेल्यांसाठी घरचा कागदच आधार. सैनिक नंबर मिळाला तर मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत लिहिता येतं. नुसत्या नावावर काही हाती लागत नाही, एकाच पलटणीत पाच-पाच रामा जाधव असत. पंजाबची स्थिती बरी आहे: लाहोर संग्रहालयात पडून राहिलेली गाववार नोंदपुस्तकं स्कॅन होऊन २०२१ पासून लोकांना खुली झाली आणि त्यांत सव्वातीन लाखांच्या घरात सैनिकांच्या नोंदी आहेत.

सगळं नेटवर टाकलं तर चालेल का?

सरसकट नाही. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा, पण मजकुराचा लेखनहक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. म्हणजे काकांना मित्रानं लिहिलेलं पत्र छापायला मित्राच्या घरच्यांना विचारायला हवं. अलीकडच्या मोहिमांबद्दलच्या मुलाखतीत तैनातीची ठिकाणं, दळणवळणाची पद्धत, अजून नोकरीत असलेल्यांची नावं आली असतील तर तो भाग बंद ठेवावा. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही लागू असतो. वीरपत्नीनं सासरबद्दल रागानं सांगितलेलं काही असेल तर कायदा आड येणार नाही, पण गाव लहान असतं. परवानगीच्या कागदावर त्यासाठी तीन चौकोन ठेवावेत: आत्ता खुलं, अमुक वर्षांनी खुलं, फक्त कुटुंबासाठी. खूण बोलणाऱ्यानं स्वतः करायची, आणि तीही मुद्रण संपल्यावर. काय बोलून झालंय ते तेव्हाच त्याला नीट माहीत असतं.